एक्काहत्तर वेळा ‘अपडेट झालं’

फुआतिनोची वही कुणाच्या हाती लागली असती, तर बेटावरच्या लालोफेताऊ गावातली निम्मी भांडणं एका दुपारीत मिटली असती आणि उरलेली निम्मी नव्यानं पेटली असती. दवाखान्यात कोण किती वाजता आलं, कुणाचं बाळ कुठल्या लसीला किती वेळ रडलं, कुणाच्या सासूनं “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे कितव्यांदा ऐकवलं, सगळं त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तारखेनिशी होतं. एकवीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली आणि आता दवाखान्यातल्या नोंदी सांभाळणारी बाई. तोंडानं सांगितलेल्या गोष्टीवर लोक वाद घालतात, लिहिलेलं दाखवलं की चष्मा शोधायला लागतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

फेब्रुवारीपासून मात्र त्या वहीत एक वेगळाच आजारी दाखल झाला होता. दवाखान्याचा लॅपटॉप.

‘सकाळी आठ, मेमरी ३५ टक्के. नऊ, ६१. साडेदहा, ९२.’ त्यापुढं आकडा लिहायची गरजच उरत नसे. पेशंटचं नाव टाइप करायला घ्यावं, तर पहिलं अक्षर उमटेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी गेलेला असतो, असं सिस्टर मकेरिता म्हणायची. टास्क मॅनेजर उघडला की यादीत सगळ्यात वर एकच नाव दिसे: यंत्राची स्वतःची अपडेट सेवा. चार जीबी मेमरीतले दोन-अडीच जीबी ती एकटी अडवून बसलेली. लग्नात सगळ्यांच्या आधी जेवायला बसणारा आणि सगळ्यांच्या शेवटी उठणारा एखादा नातेवाईक असतो ना, अगदी तसं.

शहरातल्या आरोग्य कार्यालयात यंत्रं बघणारा एनेलिको नावाचा माणूस होता. त्याला फुआतिनोनं चार वेळा फोन केला होता.

“बाई, यंत्र म्हातारं झालंय,” तो म्हणे. “वय झालं की अडतंच.”

“मी चौपन्नची आहे, एनेलिको. मी कुठं अडते?”

“तुमचं वेगळं हो…”

“मग वेगळं काय ते नीट सांग. जानेवारीत हेच यंत्र पळत होतं. महिन्याभरात म्हातारं झालं? असं तर आमचे पाद्रीही होत नाहीत.”

शेवटी कार्यालयाचं पत्र आलं. एनेलिको गुरुवारी येईल, यंत्र तपासेल. चाललं तर ठीक, नाही तर घेऊन जाईल, आणि गावातल्या बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी यापुढं बेटाच्या पलीकडच्या मोठ्या इस्पितळात होतील.

ते पत्र मकेरितानं मोठ्यानं वाचलं आणि घडी घालून फुआतिनोच्या वहीत ठेवलं. सहा वर्षांपूर्वी हा लॅपटॉप गावात द्यावा की नाही यावर वाद झाला, तेव्हा महिला समितीच्या बैठकीत फुआतिनोच उभी राहिली होती. तान्ही पोरं मांडीवर घेऊन, एका शिक्क्यासाठी दोन तास बसमध्ये बायका का बसतील, असं विचारलं होतं. “यंत्र इथं ठेवा. सांभाळायचं मी बघते,” असा शब्द भर बैठकीत दिला होता. ते यंत्र आता खोक्यात घालून परत जाणार, म्हणजे तिचा शब्दही त्याच खोक्यात जाणार. आणि रस्त्यावरून जाताना सगळं गाव ते पाहणार.

ऑकलंडला राहणारा तिचा भाचा सिआओसी याला मेमरी, फाइली यांतलं बरंच कळत होतं. मार्चमध्ये तो फोनवर म्हणाला होता, “आत्या, ती अपडेट सेवा बंदच करून टाक ना. दोन क्लिकचं काम.”

तिनं केली बंद. यंत्र असं सुटलं की मकेरिता खुर्चीत मागं सरकली. पण दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या पडद्यावर लालोफेताऊसमोर लाल ठिपका आला: अपडेट नसलेल्या यंत्रावर लेकरांच्या नोंदी ठेवता येणार नाहीत. सेवा परत चालू करावी लागली. कार्यालयाचं म्हणणं असं, की तुमच्याकडं इंटरनेट मंद आहे, तेव्हा संध्याकाळी यंत्र चालू ठेवूनच घरी जा, रात्रीत ते आपलं आपण अपडेट करून घेईल.

फुआतिनो हे नेमानं करी. चारला निघताना यंत्र चालू ठेवी. सकाळी येऊन पाही, तर यंत्र नव्यानं सुरू होऊन पासवर्ड मागत उभं. अपडेट पुरं झालं की ते स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतं, हे तिला माहीत होतं. तेव्हा ती वही काढी आणि सुवाच्य अक्षरात लिही: ‘रात्री अपडेट झालं.’

सोमवारी ती वहीच दवाखान्यात विसरली.

घरी आल्यावर, नारळ खवताना तिच्या लक्षात आलं. गुरुवार तीन दिवसांवर आलेला, आणि वही हाताशी नाही म्हणजे तिला एक हात नसल्यासारखंच. ती तशीच परत निघाली. दवाखान्यात पोचते तोच पहिला शंख वाजला.

गावात संध्याकाळी तीन शंख वाजत. पहिला वाजला की आपापल्या घरी जायचं. दुसरा वाजला की असाल तिथं बसायचं, बोलणं बंद, दिवे बंद, घराघरात प्रार्थना. तिसरा वाजेपर्यंत ही शांतवेळ. गावची जवान पोरं रस्त्याकडेला उभी राहून पाहत, कुणी चालताना दिसला की त्याच्या घराला दंड म्हणून डुक्कर द्यावं लागे. मागच्या वर्षी नळ दुरुस्त करायला आलेल्या परगावच्या माणसालासुद्धा सोडलं नव्हतं; त्याच्याकडं डुक्कर नव्हतं म्हणून माशांचे डबे घेतले.

पहिला आणि दुसरा यांत पाच मिनिटांचं अंतर असतं. घर तीन मिनिटांवर. फुआतिनोनं वही घेतली, आणि जाता जाता पडद्याकडं एक नजर टाकली.

‘डाउनलोड होत आहे. ८७ टक्के.’

ती थबकली. आकडा दिसला आणि पाय थांबले, हे तिचं जन्माचं दुखणं. अठ्ठ्याऐंशी झालेलं पाहून निघू, असं म्हणत ती खुर्चीत टेकली. तेवढ्यात पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात लेफाओ आले होते.

लेफाओ गावातले जुने सरदार. वय अठ्ठ्याहत्तर. सभेतली त्यांची जागा आता पुतण्याकडं होती, होडीवरचं सुकाणू जावयाकडं, आणि चर्चमधली पुढची खुर्चीसुद्धा गुडघ्यांमुळं दाराजवळ हलवलेली. त्यांच्याकडं एकच काम उरलं होतं: शांतवेळेत दवाखान्याचे दिवे, पंखा, बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद आहेत हे पाहणं. ते त्यांनी सहा वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. चक्रीवादळाच्या दिवशीसुद्धा आले होते, वीज गेलेली असताना.

दुसरा शंख वाजला. लेफाओंनी मान झुकवली, भिंतीवरच्या पेटीत हात घातला आणि मोठा खटका खाली पाडला.

दिवे गेले, पंखा गेला. फुआतिनोच्या डोळ्यांसमोर सत्त्याऐंशी टक्के गेले.

आणि तिला बोलता येईना. शांतवेळ! भाचीला विंचू चावला होता तेव्हासुद्धा घरात कुणी ओरडलं नव्हतं. ती अंधारात वही छातीशी धरून बसली आणि तेवढ्या वेळात तिनं मनातल्या मनात जे काही म्हटलं, त्याला प्रार्थना म्हणणं अवघड आहे. पण मग हळूहळू ते शब्द आटले आणि त्यांच्या जागी हिशेब लागायला लागला.

सकाळी आठला डाउनलोड सुरू होतं. इथल्या इंटरनेटला अकरा तास तरी लागणार. सहाला खटका पडतो. सकाळी सातला लेफाओच तो वर करतात. वीज आली की यंत्र आपोआप नव्यानं सुरू होतं, अर्धवट राहिलेली थप्पी बघतं, पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतं. रोज थप्पी वाढते, रोज शोध वाढतो. मग जानेवारीपर्यंत का नाही झालं असं? तिनं काळोखात बोटं मोजली. फेब्रुवारी. फेब्रुवारीत लॅपटॉपची बॅटरी फुगली होती आणि तिनंच ती काढून फेकली होती. तोवर खटका पडला तरी यंत्र बॅटरीवर तग धरून उरलेलं काम उरकत असे.

तिसरा शंख वाजला. ती उठून बाहेर आली तशी लेफाओ दचकले.

“कोण? फुआतिनो? शांतवेळेत घर सोडून इथं काय करतेस, पोरी? मास्तरीणबाईंनाच नियम शिकवायचे का आता?”

“वही राहिली होती, लेफाओ.”

“वहीला काय पाय फुटले असते? सकाळपर्यंत राहिली असती तिथंच.”

“हो,” ती म्हणाली. “सगळं तिथल्या तिथंच राहतंय, तोच तर घोटाळा आहे.” आणि निघाली.

वाटेत मकेरिताचं घर. दोघी पायरीवर बसल्या. सगळं ऐकून मकेरितानं डोक्याला हात लावला.

“जा आणि सरळ सांग त्यांना.”

“तू सांग. सिस्टर तू आहेस.”

“मी? पाद्र्याच्या मुलानं त्यांना सांगितलं होतं की झेंड्याची दोरी उलटी बांधलीय. दोन तास भाषण ऐकलं बिचाऱ्यानं, वडिलांच्या आजोबांपासून. मी नाही बाई.” मग हळू आवाजात म्हणाली, “आणि खरं सांगू? तेवढं एकच काम आहे गं त्यांच्याकडं.”

“यंत्राची वायर फ्रीजच्या सौर लाइनवर टाकू का? ती तर रात्रभर चालू असते.”

“लसींच्या फ्रीजला हात लावलास तर तुझं माझं नातं संपलं,” मकेरिता म्हणाली. तो विषय तिथंच मिटला.

मंगळवारी उजाडताच फुआतिनो लेफाओंच्या घरी. हातात कोकोची किटली आणि तळलेल्या गोड पानिकेकेंची परडी. म्हातारा खांबाला टेकून बसला होता. परडीकडं पाहूनच त्यांनी ओळखलं की काम छोटं नाही.

“बस. काय मोडलंय?”

“एक चूक झालीय, लेफाओ. सल्ला हवाय.”

“कुणाची चूक?”

“माझी.”

लेफाओंनी कोकोचा पेला खाली ठेवला. उजाडताना त्यांच्याकडं पुष्कळ लोक चुका घेऊन येत, पण त्या शेजाऱ्यांच्या असत.

फुआतिनोनं वही उघडून त्यांच्यापुढं सरकवली. “हे बघा. ‘रात्री अपडेट झालं.’ एक, दोन, तीन… एक्काहत्तर वेळा लिहिलंय. माझं अक्षर. एकदाही झालं नव्हतं.”

“मग लिहिलंस कशाला?”

“सकाळी यंत्र नव्यानं सुरू झालेलं दिसायचं. मला वाटलं, झालं असेल. पाहिलं नाही, नुसतं लिहिलं.”

“अस्सं.” म्हाताऱ्यानं पान उलटलं, पुन्हा उलटलं. गावाच्या वहीत चूक सापडणं म्हणजे त्यांना सणच होता. “आणि मेमरी खाते-खाते म्हणता, ती त्यामुळंच?”

“समज, लग्नात आहेराच्या चटया मोजायला एका बाईला बसवलंय, आणि पन्नास झाल्या की रोज कुणी तरी त्या बाईला उठवतंय. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पहिलीपासून सुरू करायचं. आणि काल मोजलेल्या परत ठेवायच्या नाहीत, मांडीवरच घ्यायच्या. महिन्याभरानं त्या बाईच्या मांडीवर काय उरेल?”

“बाई दिसणारच नाही. नुसत्या चटया.” लेफाओ हसले. मग हसणं हळूहळू थांबलं. “पण तिला रोज उठवतंय कोण?”

फुआतिनोनं पानिकेकेचा एक तुकडा मोडला आणि तो खाण्यात फार गुंतल्यासारखं केलं.

बाहेर कोंबडे ओरडत होते. म्हाताऱ्याची नजर तिच्यावरून वहीवर, वहीवरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यावर गेली.

“खटका,” ते म्हणाले.

तिनं परडी त्यांच्याकडं सरकवली.

“सहा वर्षं…”

“सहा नाही,” ती चटकन म्हणाली. “फेब्रुवारीपासून. तोवर बॅटरी होती, खटका पडला तरी यंत्राचं काम चालायचं. ती मी काढली. काढली ते तुम्हाला सांगितलं नाही. तेही माझ्याच नावावर लिहा.”

“म्हणजे दोन चुका तुझ्या, आणि माझी एकही नाही?”

“वहीत तरी नाही.”

लेफाओ असे हसले की आतून त्यांच्या सुनेनं डोकावून पाहिलं. “पोरी, शाळेत आयुष्य फुकट घालवलंस. सभेत भाषणं करायला हवी होतीस. माणसाला खड्ड्यात उतरवतेस आणि वर आधी स्वतः उडी मारून दाखवतेस.”

मग ते ताठ बसले. आता सरदार बोलणार होते.

“शांतवेळेत ते यंत्र बोलतं?”

“नाही.”

“गातं?”

“नाही.”

“रस्त्यावर हिंडतं?”

“जागचं हलत नाही.”

“म्हणजे आमच्या जवान पोरांपेक्षा बरं वागतं. बसू दे त्याला. शांतवेळेत बसायचंच असतं.” त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. “मोठा खटका नाही पाडणार. दिवे, पंखा, टीव्ही एकेक करून बंद करीन. पण उजेड बाहेर दिसता कामा नये.”

“पडदा आपोआप काळा होतो.”

“ते तुला माहीत. रस्त्यावरच्या पोरांना काय माहीत?” त्यांनी सुनेला हाक मारून चर्चला जाताना नेसायचं आपलं पांढरं वस्त्र मागवलं. “हे टाक वरून. आणि विचारलं कुणी, तर सांग, लेफाओंनी झाकलंय.”

आठ वाजता फुआतिनोनं सिआओसीला फोन लावला. तो सांगत गेला तसं तिनं अपडेट सेवा थांबवली, अर्धवट डाउनलोडांची थप्पी ठेवलेला फोल्डर उघडला. आत साडेतीन महिन्यांचा कचरा साठलेला. तो सगळा पुसला, सेवा पुन्हा सुरू केली.

“आत्या, आता कुणी मध्ये हात घालता कामा नये हं.”

“इथं कोण बसलंय ते बघशील तर तूसुद्धा घालणार नाहीस,” ती म्हणाली.

कारण लेफाओ तिच्या पाठोपाठच येऊन खटक्याच्या पेटीखाली खुर्ची टाकून बसले होते. टोचून घ्यायला आलेली पोरं त्यांना पाहून रडायचीसुद्धा विसरली. शंखाच्या वेळी त्यांनी एकेक दिवा विझवला, वस्त्र यंत्रावर नीट पसरलं, आणि तिसऱ्या शंखानंतरही उठले नाहीत. सुनेनं जेवण तिथंच पाठवलं. शंभर टक्के झाल्याचं फुआतिनोनं दाखवल्यावरच ते घरी गेले, तेही “नीट बघ, यावेळी पाहून लिही,” असं सांगून.

बुधवारी आणखी दोन लहान अपडेटं झाली. फुआतिनोनं वहीत लिहिलं: ‘अपडेट झालं. पाहिलं.’ पाहिलं या शब्दाखाली रेघ.

गुरुवारी एनेलिको आला तो पावणेसहाला. वाटेत गाडीचं चाक बसलं होतं. गाडीतून उतरताना त्याच्या काखेत रिकामं खोकं होतं. ते खोकं पाहायला शेजारच्या तीन बायकांना नेमकं तेव्हाच दवाखान्यात काम निघालं.

त्यानं यंत्र उघडलं. टास्क मॅनेजर. तो वाकला, मागं झाला, पुन्हा वाकला.

“चौतीस टक्के? नवी मेमरी कधी घातली?”

“मेमरी तीच आहे.”

“मग सेवा बंद केलीत. बाई, ती चालत नाही, मी सांगितलं होतं.”

“बंद कर म्हणणाऱ्याचं मी नाही ऐकलं यावेळी. बघ ना, चालू आहे. अपडेटं बघ. एकही बाकी नाही.”

त्यानं पाहिलं. दोनदा पाहिलं. “दुरुस्त कुणी केलं?”

उत्तर कुणी देण्याआधी दुसरा शंख वाजला. बोलण्याच्या नादात पहिला कुणी ऐकलाच नव्हता. एनेलिको शहरात राहत असला तरी वाढला गावातच. तो सवयीनं झटकन उठला आणि भिंतीवरच्या पेटीकडं हात नेला.

लेफाओ पेटीखालच्या खुर्चीवर होतेच. ते नुसते मागं टेकले. पाठ पेटीवर, हात काठीवर, डोळे मिटलेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सरदाराला शांतवेळेत बाजूला सरकवणारा माणूस अजून जन्मायचा होता. एनेलिकोचा हात हवेत राहिला, मग खाली आला, आणि तो जमिनीवर बसला. मकेरितानं दिवे एकेक करून घालवले. फुआतिनोनं पांढरं वस्त्र यंत्रावर ओढलं.

काळोखात फक्त यंत्राचा बारीक पंखा फिरत होता. एनेलिको आधी खटक्याकडं पाहत होता, मग त्या वस्त्राकडं, मग पुन्हा खटक्याकडं. त्याच्या डोक्यातही हिशेब लागत असल्याचं फुआतिनोला अंधारात कळत होतं. आवाज न करता लागणारा हिशेब ती आता ओळखत होती.

तिसरा शंख वाजला तसा तो म्हणाला, “माझ्या यादीत अशी अजून अकरा यंत्रं आहेत. सगळी बदलायची ठरली आहेत.” मग खटक्याकडं बोट करून म्हणाला, “अकराही गावांत शंख वाजतो.”

“आणि अकराही यंत्रांच्या बॅटऱ्या गेल्या असणार,” फुआतिनो म्हणाली. “विचारून बघ.”

“वहीचे फोटो घेऊ का?”

तिनं वही दिली. तो मंगळवारची पानं काढायला लागला, सेवा कशी थांबवली, फोल्डर कसा पुसला. मग त्यानं मागं उलटलं आणि ‘रात्री अपडेट झालं’ची ती रांग लागली. तो थांबला. “हे नको ना? हे…”

एक्काहत्तर वेळची तिची चूक शहरात जाणार, कार्यालयातल्या टेबलांवर फिरणार. तीन शेजारणी दारातच उभ्या होत्या. फुआतिनोनं क्षणभर वहीकडं हात नेला, आणि मग तोच हात वळवून पान त्याच्यापुढं सपाट केलं.

“हेच आधी घे. बाकीच्या अकरा जणी हेच लिहीत बसल्या असतील. त्यांना कळायला नको?”

एनेलिकोनं फोटो घेतला. लेफाओंनी काठीनं वही आपल्याकडं ओढली आणि चष्म्याशिवायच वाचायला लागले.

“यात माझं नाव कुठंय?”

“चुका माझ्या होत्या ना, लेफाओ. तुमचं नाव कशाला?”

“चुकांत नाही. ‘पाहिलं’ लिहिलंयस, तिथं. मंगळवारी रात्री जेवण कुणी इथं जेवलं?”

तिनं पेन काढलं. ‘अपडेट झालं. पाहिलं,’ याच्यापुढं लिहिलं: ‘खटका, लेफाओ.’ म्हाताऱ्यानं ते दोनदा वाचून घेतलं आणि वही परत दिली.

एनेलिको निघाला तेव्हा खोकं त्याच्या काखेत नव्हतं. मकेरितानं ते नीरफणसांनी गच्च भरून दोघा जवान पोरांकरवी गाडीत चढवलं होतं. गाडी गावातून जाताना लोक रस्त्याकडेला उभे राहून त्या खोक्याकडं पाहत होते, आणि आत काय आहे ते शेजारणींनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.